वरवंट्याचं माहेरपण

मित्रांनो, मी एक जुना वरवंटा आहे, आणि पुढचं काही सांगण्याआधी मला राजेशची तक्रार करायची आहे. ज्याच्या बारशाचा पहिला मान माझा, त्या माणसाने मला उचलून वजनकाट्यावर ठेवलं, नाक मुरडलं आणि आपल्या आईला म्हणाला, "आई, विमानातून दगड कोण नेतं? तिकडे काय दगडांचा दुष्काळ पडलाय?"

दगड. माझ्या तोंडावर म्हणाला.

त्याची आई म्हणजे मालन. लालबागच्या चाळीत सून म्हणून आली तेव्हापासून मी तिच्या हातात आहे. शाळेत ती जेमतेम बसली, पण जिभेला मात्र रोज धार लावली. तीच जीभ मलाही लागली, त्याला माझा इलाज नाही. ती बॅगेतून सुकटीचा डबा बाहेर काढत म्हणाली, "दगड थय पण आसतले. तुझ्या बारशाक होतो तो ह्योच एक. सुकट रवांदे, ह्यो येतलो."

आता हे बारशाचं काय, ते सांगतो. आमच्याकडे बाळाला पहिल्यांदा पाळण्यात घालायचं, तर त्याआधी वरवंट्याला घालतात. त्याला अंगडं-टोपडं चढवतात, काजळाने डोळे काढतात. मग पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बाया उभ्या राहतात आणि त्याला खालून देतात, वरून घेतात. बाळ माझ्यासारखं टणक व्हावं, आणि काही वाईट यायचं असलंच तर ते आधी माझ्यावर यावं, म्हणून. या घरातलं एकही पोर माझ्याआधी पाळण्यात गेलेलं नाही. राजेश गेला नाही, त्याची मुलगी श्रेया गेली नाही.

त्याच श्रेयाला तिकडे दूर, बाली बेटावर, मुलगी झाली होती. तिचा नवरा धनेश मूळचा परळचा, आता बालीतल्या एका हॉटेलात आचारी आहे. बारावा दिवस कधीच उलटून गेला होता, पण श्रेयाने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की आजी वरवंटा घेऊन येईपर्यंत पोरीला नाव नाही. तोवर सगळे तिला नुसतं छकुली म्हणत होते. आता सांगा, ज्याच्यासाठी एक पोर बिननावाचं थांबलंय, त्याला काट्यावर ठेवतात का?

माझा जन्म काही काट्यावर ठेवण्यासारखा नाही. तो मला श्रेयामुळेच कळला. ती शाळेत असताना भूगोल मोठ्याने पाठ करायची. एका संध्याकाळी तिने वाचलं की महाराष्ट्राचा काळा खडक म्हणजे थंड झालेला लाव्हारस. मालन कोळंबी सोलत होती. तिचा हात थांबला. "म्हणजे आमचो वरवंटो आगीच्या पोटचो?" ती म्हणाली. त्या दिवसापासून मी जरा ताठच असतो.

आगीतून निघालो, पाथरवटाच्या छिन्नीखाली गोल झालो आणि मालनच्या सासूने, शकूबाईने, मला पाट्यासकट विकत आणलं. पुढची वर्षं कशी गेली ते विचारू नका. ओलं खोबरं, भिजवलेल्या मिरच्या, धणे, तिरफळं. गिरणीचा भोंगा झाला की माणसं घरी यायची, त्याआधी वाटप तयार हवं. शेजारच्या बिऱ्हाडातल्या बाया वाटी घेऊन दारात यायच्या आणि म्हणायच्या, "मालनवहिनी, तुमच्या वाटपाक जो वास येता तो आमच्या नाय येत." मालन म्हणायची, "हात लागता." आणि मी मनात म्हणायचो, आणि वरवंटा.

मग मिक्सर आला. मग चाळ पाडून टॉवर झाला. पाटा जड म्हणून खालीच राहिला आणि एके दिवशी डेब्रिजच्या ट्रकमधून गेला. आम्ही दोघं एकमेकांवर घासून घासून गुळगुळीत झालो होतो. निरोपही घेता आला नाही. मला मालनने पदराखाली लपवून लिफ्टने वर नेलं. तिथे मी काय करत होतो? वाऱ्याने बाल्कनीचं दार आपटू नये म्हणून दाराशी पडून होतो. येणारे-जाणारे मला पायाने सरकवायचे. असो. आज मला रडायचं नाही. आज मला प्रवास सांगायचा आहे, आणि तो सांगताना मला एका जागी राहवत नाही.

विमानतळावरच पहिली गंमत झाली. बॅगेत काय आहे म्हणून आमच्या चौकडीला, म्हणजे मालन, राजेश, त्याची बायको सुचित्रा आणि मी, बाजूला घेतलं. एका पोलीस बाईने बॅग उघडली. मी टोपडं घालून तिच्याकडे बघत पडलेलो. राजेशने मान दुसरीकडे वळवली, जणू आम्हाला ओळखतच नाही. बाई क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, "आजी, कुणाचं बारसं?"

"नातीच्या चेडवाचा."

"आमच्या साताऱ्याला पण असाच सजवतात. जावा तुम्ही." तिने माझं टोपडं सरळ केलं आणि चेन लावली.

आणि मग बाली. काय सांगू! रस्त्याच्या कडेला नारळ, बांबूच्या उंच काठ्यांना झावळ्यांची तोरणं, डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातशेती. मालन गाडीत सारखी म्हणत होती, "अरे, ह्या तर कोकण. फक्त बोलणा कळणा नाय." दारोदारी सकाळी झावळीच्या इवल्या द्रोणात फुलं, भात आणि उदबत्ती ठेवलेली. सुचित्राने त्यातल्या एकावर जवळजवळ पाय दिला, तर मालनने तिचा दंड धरून मागे ओढलं. "बघ गो, देवाक वाढलेला आसा."

दुसऱ्या दिवशी धनेशने आम्हाला बातूर डोंगर दाखवायला नेलं. तो नुसता डोंगर नाही मित्रांनो, तो जागा ज्वालामुखी आहे. गाडीतून उतरलो तर समोर काळंभोर रान. नजर जाईल तिथवर गोठलेला लाव्हा, जणू कुणी उकळतं काळं वाटप ओतून दिलं आणि ते तसंच थिजलं. वर शिखरातून धुराची बारीक रेघ निघत होती. मालनने कपाळावर हात आडवा धरून बघितलं आणि म्हणाली, "आमच्या गिरणीच्या चिमणीसारखा." मग तिने मला पिशवीतून बाहेर काढलं आणि त्या काळ्या खडकावर ठेवलं. "बस. माहेर तुझा."

मी बसलो. खालून ऊब येत होती. उन्हाची असेल, पण मी ती माझ्या आईची धरली. इतक्या वर्षांत मला कुणी कुठे नेलं नव्हतं, आणि नेलं ते थेट माहेरी. माझ्यासारखेच काळे, पण सच्छिद्र, बुटके, लांबोडे, हजारो भाऊबंद बसले होते. कुणी सुपारी फोडलेली नव्हती की मिरची वाटलेली नव्हती. मला त्यांना सगळं सांगावंसं वाटत होतं.

तेवढ्यात राजेश सुचित्राच्या कानाशी म्हणाला, "इथेच राहू दे त्याला. जातभाईत शोभतोय. आईला कळणार पण नाही."

मालन म्हातारी आहे, बहिरी नाही. तिने मला उचललं, पदराने पुसलं आणि तेव्हापासून मी तिच्या खांद्याच्या पिशवीत. झोपतानासुद्धा उशाशी.

संध्याकाळी आणखी एक नवल घडलं. श्रेयाची घरमालकीण, इबू वायान म्हणजे आपल्याकडच्या भाषेत वायानबाई, स्वयंपाकघरात जमिनीवर बसून काळ्या दगडावर हळद, मिरची आणि खोबरं वाटत होती. तो दगडही त्याच डोंगराचा. मालन तिच्यासमोर जाऊन बसली. एकीला मराठी येत नाही, दुसरीला तिकडची भाषा. मालनने मला तिच्या दगडावर ठेवलं आणि रेटलं. मित्रांनो, कितीतरी वर्षांनी मी वाटप वाटलं. परक्या पाट्यावर, परकी हळद, पण खोबरं आपलंच. इबू वायानने बोटाने चाखलं आणि डोळे मोठे केले. मालन म्हणाली, "हात लागता," आणि धनेशने ते तिला समजावून सांगितलं.

तो खोबऱ्याचा वास माझ्या अंगाला लागून राहिला. पुढचं सगळं त्यामुळेच झालं.

बारशाच्या आदल्या दिवशी आम्ही माकडांचं राखीव वन बघायला गेलो. वडाच्या पारंब्या लोंबताहेत, शेवाळलेल्या दगडी मूर्ती, खाली खोल घळ, तिच्यात ओढा आणि वरून पूल. आणि माकडं? कठड्यावर माकडं, पायऱ्यांवर माकडं, लोकांच्या डोक्यावर माकडं. राजेश लहानपणी राणीच्या बागेत पिंजऱ्यासमोरून हलायचा नाही. इथे पिंजराच नव्हता. तो नवा गॉगल लावून मोबाईलवर फोटो काढत होता.

मी पिशवीत होतो. उद्याचं टोपडं बरोबर बसतं का, ते बघायला मालनने सकाळीच ते माझ्या डोक्यावर चढवलं होतं. एक माकडीण आली, तिने पिशवी हुंगली, हात घातला आणि मालनला कळायच्या आत टोपड्याला धरून मला बाहेर ओढलं. गेली ती थेट पुलाच्या कठड्यावर.

सगळीकडे एकच गलका उडाला. तिथला रखवालदार, कमरेला काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र गुंडाळलेला, धावत आला आणि धनेशला म्हणाला, "ओरडू नका. यांना दगडांशी खेळायची सवय आहे. कंटाळली की टाकेल."

"कुठे टाकेल?" धनेशने विचारलं.

रखवालदाराने घळीकडे पाहिलं.

माकडिणीने मला हुंगलं, चाटलं, दगडावर दोनदा आपटलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, मला छातीशी धरलं आणि टोपड्याखाली उवा शोधायला लागली. हळूहळू, मला खरंच केस असल्यासारखं. मी त्या घळीच्या काठावर होतो, तरी खरं सांगतो, असं कुणी जपून धरलं की बरं वाटतं.

राजेश म्हणाला, "गेला तो गेला, आई. चल. दुसरा घेऊ."

जी मालन नळावर, रेशनच्या रांगेत, युनियनच्या सभेत कधी गप्प बसली नाही, ती पायरीवर बसली आणि हात मांडीवर ठेवून नुसती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "उद्याचा बारसा नाय."

राजेशने आईकडे बघितलं. मग माकडिणीकडे. मग, मित्रांनो, मी जे पाहिलं ते लालबागमध्ये कुणाला सांगून पटणार नाही. जो माणूस ऑफिसात लागल्यापासून घरात मालवणी बोलायला लाजायचा, तो कठड्याजवळ उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाय माझ्ये, दी गो. आमच्या चेडवाचो आसा तो. दी."

माकडिणीने दात दाखवले. राजेशने डोळ्यांवरचा गॉगल काढून पुढे धरला. तिने एक हात पुढे केला, पण गॉगल चकचकीत, एक हात पुरेना. दुसरा हात मोकळा करायला तिने मला कठड्यावर ठेवलं.

आणि मी गोल आहे.

मी घरंगळलो. एकदा कठड्याच्या कडेवर आपटलो, टोकाचा टवका उडाला, खाली ओढ्याचं पाणी चमकताना दिसलं. तेवढ्यात राजेश पोटावर पडून माझ्यावर झेपावला. त्याचं कोपर सोललं, पँट गुडघ्यावर फाटली, पण मी त्याच्या दोन्ही हातांत होतो. माकडीण गॉगल घेऊन वडावर गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येईपर्यंत राजेशने मला मांडीवरून खाली ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळणा फुलांनी सजला. मला अंगडं घातलं, काजळ लावलं. राजेश आईभोवती घुटमळत होता. शेवटी म्हणाला, "आई, टवका उडालाय. खंडित झाला गो. चालेल ना?"

मालनने टवक्यावरून बोट फिरवलं. "पोरीवर येणारा तेणा घेतला. तेचा कामच ता."

इबू वायानला धनेशने हे सांगितलं, तर ती हसून मान डोलवायला लागली. तिच्या गावातही बाळाच्या तिसऱ्या महिन्याच्या विधीत दगडाला कापडात गुंडाळून बाळासारखं कडेवर फिरवतात, म्हणाली. आगीच्या पोटची माणसं सगळीकडे सारखीच.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणीतरी असेल. माळ्यावर, दाराशी, जिन्याखाली. वापरत नसाल तर नका वापरू. पण कधी उचलून पुसा, आणि ते कुणाकुणाच्या हातातून आलं हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. ती सांगतील. फक्त विचारायला उशीर करू नका. माझा पाटा आता कुठल्या भरावाखाली आहे, ते मलाही माहीत नाही.

पाळण्याभोवती बाया उभ्या राहिल्या. एका बाजूला मालन आणि इबू वायान, दुसऱ्या बाजूला सुचित्रा एकटी. श्रेया पोरीला घेऊन पाटावर बसलेली. एक बाई कमी पडत होती.

"ये रे," मालन राजेशला म्हणाली. "हय उभो रव."

"मी? पुरुषाने कसं?"

"बायो मोज, मगे बोल."

तो उभा राहिला. मालनने मला पाळण्याखालून त्याच्या हातात दिलं. त्याने दोन्ही हातांनी धरलं, छातीशी घेतलं, आणि तिथेच थांबला. सुचित्राने हात पुढे केला, तरी सोडेना. इबू वायान बघतेय, धनेश बघतोय, श्रेयाच्या मांडीवर छकुली चुळबुळतेय.

मालनने कमरेवर हात ठेवले आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली, "अरे मेल्या, माकडणीक एका दमात कळला ता तुका कळाक अर्धो जन्म गेलो. कळला ना? धरूक शिकलस, आता पुढे देवूक शीक."