डाव्या पायाची सुट्टी

माह्या डाव्या पायाले आमच्या केनवड गावात जेवढा मान हाय तेवढा मले नाई, हे आधीच सांगून ठेवते. मी पायाळू. जल्मली तवा डोकं मागं ठेवलं आन पाय आधी बाहेर काढले. अशा बाईनं डाव्या पायानं कमरीत तीन लाथा घातल्या का भरलेली उसन निंगून जाते, हे आमच्या इकडं लेकराईले बी ठाऊक हाय. कंबर धरली का मानूस सरळ आमच्या आंगनात येते, पोतं टाकते आन पालथं झोपते. मी लाथा मारते. मंग त्यानं उठाचं, मागं पाहाचं नाई, गुमान घरी जाचं. पोत्यावर पडल्यापासून घरी जायेलोक बोलाचं नाई. बोललं का गुन जाते.

हा नेम कोनं पाडला देव जाने. पन त्याच्यापायी अख्ख्या गावानं लाथा खाल्ल्या आन एकानं बी "सोजरबाई, तुहा पाय कसा हाय व?" असं इचारलं नाई. इचारतीन कसे? बोलाचंच नाई ना!

सुरुवात सासूपासून झाली. मी नवी नवरी. सासू म्हने, इले भाकर थापता येत नाई, नेऊन घाला माहेरी. त्याच हप्त्यात तिची कंबर धरली. पहिली लाथ मी भेत भेत मारली, दुसरी जरा बरी, आन तिसरी, आता खोटं कायले बोलू, मनापासून मारली. सासू उठली, नेमापरमानं काही न बोलता घरात गेली आन पुन्हा माहेरचं नाव काढलं नाई. तवापासून तलाठी झाला, जमादार झाला, मास्तर झाले. गावचा पुढारी पंजाबराव त दर सोंगनीले, पीक कापाच्या दिवसात, येते. सभेत मानसं त्याच्या पाया पडतात, आन तो माह्या पायाखाली पडते.

फक्त एक मानूस राह्यला. आमचे मालक. नाव घेत नाई, पन तुमचा घोटाळा नोको म्हनून एकदा घेते: जगदेव. त्याईची कंबर इतक्या वर्सात एकदाबी धरली नाई. "माहा मनका लोखंडाचा हाय," असं चारचौघात सांगतात. अरे, पन वाकाल तवा धरन ना! वांग्याचं रोप मी लावू, मिरची मी तोडू, भेंडी मी तोडू, आन हे बांधावर उभं राहून बोट दाखवनार, "ते रोप वाकडं बसलं पाहाय." त्या बोटाले मातर कधी उसन भरली नाई. या मानसाले एक डाव नेमानं लाथ मारता यावी, एवढंच मागनं होतं माहं देवाजवळ.

यंदा सोयाबीनची सोंगनी लागली आन साऱ्या गावाच्या कमरा एकदम धरल्या. सकाळी आंगन झाडाले जावं त झाडाले जागा नाई, चहूकडं पालथी मानसं. मी मारत गेली, मारत गेली, आन एक दिवस लाथ पंजाबरावाच्या कमरीत बसली आन चमक माह्याच कमरीतून टाचेपर्यंत गेली. पंजाबराव टुनकन उठून गेला. मी दाराची चौकट धरून उभी राह्यली. आता मले लाथ कोन मारन? पायाळू गावात मी एकटी. सोताच सोताच्या कमरीत लाथ मारून पाह्यली, पुरत नाई.

मालकाले सांगतलं त म्हनतात, "उन्हाचं असन."

दिवस गेले तसा पाय ओढाले लागला. वांग्याचं रोप लावाले आलं होतं, माह्यानं वाकनं होईना. रोप जून होऊन राह्यलं हे मातर त्याईले बरोबर दिसलं. बायकोचा पाय दिसला नाई, रोप दिसलं!

तशातच आमी भाजी घेऊन रिसोडले गेलो. मोंढ्याच्या पुढं एका नव्या दुकानावर पाटी होती. मालक थांबले, एक एक अक्षर वाचलं आन माहा हात दाबला. "सोजर, पाहाय. काय... रोप... ट्रॅक्टर. रोप लावाचा ट्रॅक्टर आला रिसोडात!"

पाटीवर 'कायरोप्रॅक्टर' होतं, म्हंजे हातानं मनका सरळ करनारा डॉक्टर. पन आमाले काय ठाव? आमी भाजीवाले, आमाले त्याच्यात रोपच दिसनार. आमी आत गेलो.

आत एक पोरगेली डॉक्टरीनबाई बसली होती, तनुजा नावाची. मालकानं टोपी सारखी केली. "मॅडम, मशीन दाखवा."

तिनं एक लांब, गादीवालं टेबल दाखवलं. बटन दाबलं का वर जाये, पुन्हा दाबलं का खाली येये. मालक खाली वाकून (खोटं बोलते, मुंडी वाकवून) चाकं शोधाले लागले.

"याच्यात रोप कुठं ठेवतात?"

"इथे पालथं झोपायचं," ती म्हनली.

"पालथं? मंग मुळ्या वर नाई येत?"

"काका, मान खाली, पाठ वर."

"बरं. दिवसाचे किती होतात?"

"आठ-दहा होतात."

"वाफे?"

"पेशंट!"

मालकानं टेबलामागं डोकावून पाह्यलं. त्याईले अजून वाटून राह्यलं होतं का बाई मशीन लपवून राह्यली. तेवढ्यात ती माह्याकडं वळली. मी भिंतीले टेकून एका पायावर उभी होती.

"मावशी, तुम्हाला काय त्रास होतो?"

माय व! काय सांगू तुमाले. गावातल्या एका जिवानं कधी हे इचारलं नव्हतं. माह्या डोळ्याले पानीच लागलं. मी सारं सांगतलं, कुठून चमक निंगते, कुठं जाते, जिन्यावर कसं होते. तिनं पाय वर करून पाह्यला, वाकवून पाह्यला, कमरीवर दाबून पाह्यलं.

"एकच हालचाल पुन्हा पुन्हा करता का? रोजची?"

"हो ना. लाथा मारते."

"कोणाला?"

"सगळ्याईले."

डॉक्टरीनबाईनं खुर्ची जराशी मागं घेतली.

"मले सोडून," मालक छाती काढून म्हनले. "माही कंबर धरतच नाई."

तिले पायाळूचं सारं समजावून सांगाले चहा थंडा होयेलोक वेळ लागला. हासली नाई बिचारी. म्हनली, "मावशी, फाटक दिवसभर आपटलं तर बिजागरी ढिली होते ना? तसंच आहे हे. एकाच सांध्याला तोच झटका, आणि भरून यायला वेळच नाही. वर दिवसभर वाकून काम." तिनं माह्या कमरीत एका जागी हात ठेवून दाब देला, कट् वाजलं, जरा हलकं वाटलं. पन लगेच तिनं बोट वर केलं. "माझ्या एका कट्नं हे बरं होणार नाही. पायात मुंग्या आल्या किंवा जोर गेला तर वाशिमला मोठ्या डॉक्टरांना दाखवा. आणि सव्वा महिना एकही लाथ नाही. काका, वाकायचं काम तुम्ही वाटून घ्या."

सव्वा महिना! बाळंतपनातबी मले एवढा आराम भेटला नव्हता.

गावात बातमी गेली आन संध्याकाळलोक आंगनात सभाच भरली. पंजाबराव कंबर धरूनच आला. "सव्वा महिना कसं जमन बाई? सोयाबीन उभं हाय वावरात!"

"मंग उभं राहू द्या," मी म्हनलं. "डॉक्टरीन म्हनली, पाय हालवाचा नाई."

हे आयकून आमचा शेजारी मदनसिंग इचारात पडला. या मानसाच्या डोक्यात इचार आला का भेव वाटते मले. "डॉक्टरीननं पाय हालवाचा नाई म्हनलं," तो म्हनला, "मानसाईनं हालू नये असं कुठं म्हनलं? सोजरबाई खाटीवर पडतीन. पाय उशीवर, बाहेर काढून. आपन येऊन कंबर आपटू. पाय जागेवर, गाव हालन."

"वा!" पंजाबराव म्हनला.

आन बापा, खरंच खाट आली! मले वाटलं गंमत करून राह्यले, म्हनून मी बसली. पाहते त फाटकापासून रांग. एक एक मानूस पाठमोरा, मागं मागं चालत येऊन राह्यला, कारन मागं पाहाचं नाई. कोनी तुळशीवर धडकलं, कोनी पान्याच्या टाकीवर. आमचे मालक मंधात उभे राहून बोट दाखवून राह्यले, "डाव्या हाताले घे, अजून थोडा, हां, आता बस!" मास्तर मागं मागं येत माह्या पायावर धाडकन आदळले आन माह्या डोळ्यापुढं काजवे चमकले. मास्तर काही बोलले नाई. गुन जाईन ना!

मी खाट उलटी केली.

"पाय पायजे ना तुमाले? मंग कापून न्या! ग्रामपंचायतीत टांगून ठेवा, जो येईन तो आपटून जाईन!"

पंजाबराव हनुवटी खाजवून म्हनला, "तसा ठराव घेता येते का, पाहा लागन."

त्यानं हे गंमतीनं नाई म्हनलं. हिशोबानं म्हनलं. आन आमचे मालक माह्याकडं पाहाचं सोडून पंजाबरावाकडं पाहत होते, ठराव कसा होते म्हनून. तवा मले जे लागलं ते कमरीच्या उसनीहून लय खोल लागलं. मी घरात गेली आन आतून म्हनलं, "उद्यापासून लाथ बंद, लावनी बी बंद. रोप तुमचं, वावर तुमचं, मनका लोखंडाचा. लावा."

मालक आधी रुसले. मंग लावनीसाठी मजुरीच्या बाया पाह्यल्या, साऱ्या सोंगनीले गेलेल्या. रोपाले फुलं धराची पाळी आली तवा सोताच टोपली घेऊन वावरात गेले. मी घरी पाय पसरून पडली, पन जीव कुठं थाऱ्यावर?

दिवस बुडाला तवा फाटक वाजलं. पाहते त मालक. खुरप्यासारखे वाकले होते. नजर जमिनीवर, वर पाहनं होईना. एक शब्द बोलले नाई. कोपऱ्यातलं पोतं ओढलं, आंगनात टाकलं आन त्याच्यावर पालथे झाले.

मी उभी राह्यली. देवा, इतक्या वर्साचं मागनं, आन तू हे आता देलं? सव्वा महिन्याच्या आत? डावा पाय ठनकून राह्यला होता. पन मी म्हनलं, गेला त गेला पाय. सासूची तिसरी लाथ याच्यापुढं काहीच नाई असी मारीन. मी लुगडं वर खोचलं.

"थांब," मालक पोत्यात तोंड घालून म्हनले. "नेम मोडला त मोडू दे. आधी सांग, तुहा पाय लय दुखते का व?"

माहा पाय तिथंच अडला.

"मले एका दिवसात असं झालं," ते म्हनले. "तू रोजच वाकत होती?"

त्याईच्या टाचाले चिखल होता, नखात माती भरली होती. मी इतकी वर्सं ज्या पाठीवर डोळा ठेवून होती, ते पाठ आज पह्यल्यांदा थकलेली दिसली. माह्या डोळ्यातून पानी निंगालं, आन रागबी आला, का हे इचाराले एवढा उशीर कायले? दोन्ही संगच आलं. मंग मी डावा पाय खाली ठेवला, भिंतीले धरलं आन उजव्या पायानं हानली. ज्या पायात काही गुन नाई त्या पायानं. एकच.

मालक ताडकन उठले. सरळ! सोताच्या कमरीले हात लावून पाह्यला, वाकून पाह्यलं, पुन्हा सरळ. मंग माह्या पायाकडं पाह्यलं. "अव, हा त उज..."

"बोलू नोका!" मी म्हनलं. "मागं पाहू नोका! चाला!"

ते गेले फाटकाकडं. आन तिथं, जसा वासच आला असन, पंजाबराव वाकडा उभा. "जगदेव! आत्ता त तू वाकडा आला होता. कशी सुटली रे?"

मी उजवा पाय लुगड्याखाली ओढला. मालक एक शब्द बोलले का हा बी पाय गावाचा झाला, आन त्याईच्या पोटात आजलोक काही राह्यलं नाई.

मालकानं नखातली माती काढली. मंग म्हनले, "वांग्याचं रोप लावलं आन सुटली. वाक वाक वाकलो, त आपोआप सरळ झाली. तू बी लावून पाहाय."

सकाळी मी वावरात गेली त पंजाबराव, मदनसिंग, मास्तर, सारे वाफ्यात वाकून रोप लावून राह्यले होते, आन एक बी बोलून नोता राह्यला. मालक त्याईच्यात वाकले होते. बांधावर खाट टाकून ठेवली होती माह्यासाठी. मी बसली तसे ते हात झटकत आले आन हळूच इचारलं, "आज कसा हाय पाय?"

"कोनता?" मी म्हनलं.

त्याईनं इकडं तिकडं पाह्यलं, ओठावर बोट ठेवलं आन पुन्हा वाफ्यात जाऊन वाकले.