माई नापास

माझ्या भाचीला नाव नव्हतं, आणि त्याला कारण माझे भावोजी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला उगाच त्यांची दया यायला नको.

खरं तर नाव होतं. ताईने तिला दवाखान्यात पहिल्यांदा कुशीत घेतलं तेव्हाच "माई" अशी हाक मारली होती. आमच्या घराण्यात कुणी माई होऊन गेलेली नाही, कुणाच्या स्वप्नात वगैरेही आली नव्हती. "मला आवडतं," एवढंच ताई म्हणाली आणि झोपून गेली. दुसरा कुणी नवरा असता तर "बरं" म्हणून चहा प्यायला गेला असता. पण भावोजी टेस्टर आहेत. लोकांनी खपून तयार केलेल्या ॲपमधल्या चुका शोधायच्या, हे त्यांचं पोटापाण्याचं काम. चूक सापडली की त्यांच्या तोंडावर तेज येतं. नाही सापडली तर दोन घास कमी जातात. लग्नाआधी त्यांनी ताईच्या काय काय चाचण्या घेतल्या असतील, असं मी एकदा विचारलं होतं. ताईने मला चिमटा काढला, म्हणजे घेतल्या असणार.

"उद्या आपण कुठल्याही देशात जाऊ," भावोजी म्हणाले. "नाव असं हवं की जगात कुठेही अडायला नको."

"भावोजी, तुम्ही कोपऱ्यावरच्या मेडिकलला जाताना मला फोन करून रस्ता विचारता," मी म्हटलं.

"मेहुणीबाई, तुमचं वय लहान आहे."

माझं वय लहान आहे हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मी यंदा वर्गात वादविवादात पहिली आले, शाळेच्या माइकवरून सगळ्या शाळेला सूचना देते, मुख्याध्यापिका मला नावाने ओळखतात. पण भावोजींच्या लेखी मी अजून दुधाची बाटली उकळायला ठेवण्यापुरती.

ताई आणि बाळ आमच्याकडे होते, म्हणून भावोजीही आमच्याकडेच होते. जेवणाच्या टेबलावर त्यांनी लॅपटॉप मांडला, मग चार्जर, मग दुसरा लॅपटॉप. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायला लागलो. पडद्यावर एक लांबलचक तक्ता होता. डावीकडे भाषा, मधे "माई"चा त्या भाषेतला अर्थ, उजवीकडे पास किंवा नापास. जगभरातल्या अनोळखी लोकांच्या कसल्याशा गटात शिरून भावोजी रोज विचारायचे, की तुमच्याकडे एखाद्या मुलीचं नाव माई असेल तर तुम्हाला काय वाटेल. लोकही रिकामटेकडे, उत्तरं द्यायचे.

सुरुवात झोकात झाली. जपानीत माई म्हणजे नाच. पास. व्हिएतनामीत एक पिवळं फूल. पास, आणि त्यापुढे भावोजींनी हसरा चेहराही काढला. थाई भाषेत रेशीम. भावोजी उठून खोलीभर फिरून आले. आईला म्हणाले, "बघा, पूर्व आशिया आपल्या खिशात."

मग त्याच थाई भाषेतल्या कुणीतरी कळवलं की सूर जरा बदलला की माई म्हणजे नवीन, आणखी बदलला की लाकूड, आणि आणखी बदलला की चक्क "नाही". भावोजींचा घास हातातच राहिला.

"नाही? मुलीचं नाव नाही?"

"सूर चुकवू नका म्हणजे झालं," बाबा म्हणाले. माझे बाबा फ्रिज दुरुस्त करतात, त्यांना गोष्टी चालू करायची सवय आहे.

"बाबा, माणसाच्या सुरावर आपलं नियंत्रण नसतं," भावोजी म्हणाले, आणि थाई नापास झाली.

त्यानंतर धडाधड. रुमानियनमध्ये माई म्हणजे आणखी. "आणखी काय? अपूर्ण वाटतं." नापास. हंगेरीतल्या एका बाईने लिहिलं की आमच्याकडे माई म्हणजे आजचं, हॉटेलच्या दारातल्या फळ्यावर आजचं जेवण असं लिहितात ना, त्यातलं आजचं. तिने पुढे प्रेमाने लिहिलं होतं की बाळाला ते फारच शोभून दिसेल.

"फळ्यावर," भावोजी म्हणाले. "रोज पुसून रोज लिहिणार. माझी मुलगी."

आणि शेवटी इटालियन. इटालियनमध्ये माई म्हणजे कधीच नाही. भावोजींनी लॅपटॉप मिटला, गच्चीवर गेले, आणि दूध उतू जाऊन आईने गॅस पुसेपर्यंत खाली आले नाहीत.

मला तर मजा वाटत होती. दोन अक्षरांचा एवढासा शब्द आणि एका देशात नाच, दुसरीकडे लाकूड, तिसरीकडे कधीच नाही, आणि यातल्या कुणाला एकमेकांचा पत्ताही नाही. शाळेत मी मधल्या सुट्टीत सगळ्यांना सांगितलं तर पोरं खूश. पण हाच शब्द भावोजींच्या हाती लागला की त्याला ताप चढलाय असं समजून ते दर तासाला तपासणार. एवढ्या मोठ्या गमतीचं एवढं रटाळ काम करायला खास अक्कल लागते.

आता ताईचं सांगते, कारण भावोजींच्या गडबडीत तिच्याकडे बघायला कुणाला सवडच नव्हती.

ताई कवळ्या बनवते. डेंटल लॅबमध्ये तिचं टेबल खिडकीपाशी आहे, कारण दाताचा रंग जुळवायला उजेड लागतो. दात म्हटलं की आपल्याला पांढरा एवढंच सुचतं, पण तिच्या खणात पांढऱ्याच्या इतक्या छटा आहेत की बघून आपलेच दात आरशात तपासावेसे वाटतात. गुलाबी मेणात ती एकेक दात बसवते, थोडा वाकडाही ठेवते, कारण अगदी सरळ दात खोटे दिसतात. तिची रजा संपत आली होती. लॅबच्या मालकीणबाईंनी स्पष्ट कळवलं होतं, सोमवारी सकाळी आलीस तर टेबल तुझं, नाही आलीस तर प्लास्टरवाल्याचं. हा प्लास्टरवाला साचे ओततो, आणि त्या खिडकीवर त्याचा केव्हापासून डोळा आहे. ताईच्या खुर्चीवर त्याने आपला डबा ठेवायला सुरुवातही केली होती.

लॅबच्या समोर, रस्त्यापलीकडच्या इमारतीत पाळणाघर आहे. तिथे एकच जागा रिकामी होती आणि पाळणाघरवाल्या काकूंनी ती सोमवारपर्यंत धरून ठेवली होती. अट एकच, येताना बाळाचं नाव ठरवून या. बिननावाचं बाळ त्या घेत नाहीत. म्हणजे नाव नाही तर पाळणाघर नाही, पाळणाघर नाही तर टेबल नाही. शेंबड्या पोरालाही कळेल असं हे सरळ होतं. भावोजींनाही कळत होतं, पण ते म्हणायचे, "घाईघाईत चुकीचं काही बाजारात सोडता येत नाही."

बाजारात. स्वतःच्या लेकीबद्दल.

ताई बाळाला पाजायची, डोळे मिटून भिंतीला टेकायची. शनिवारी मात्र भावोजींनी नवीन नावांची यादी काढली, सगळी दोन अक्षरी, सगळी पुन्हा पहिल्यापासून तपासायची. तेव्हा ताई मला हळूच म्हणाली, "टिटवे, तू बोलण्यात हुशार ना? याला काहीतरी सांग. मी भांडायला लागले तर रडेन, आणि रडले की तो मला पाणी आणून देतो आणि परत टेबलावर जाऊन बसतो."

टिटवी म्हणजे मी. आणि मला एवढंच हवं होतं. मी रात्रीच्या जेवणाला तयारीनिशी बसले.

"भावोजी, ही बोलायला लागली की तुम्हाला काय म्हणणार?"

"बाबा. आणखी काय?"

"तपासलंत?"

त्यांचा हात थांबला.

"तुर्कीत बाबा म्हणजे बाप, पास," मी सुरू केलं. "स्वाहिलीतही बाप. चिनीत बाप. पण रशियनमध्ये बाबा म्हणजे बाई, पोलिशमध्ये म्हातारी. जपानीतही बाबा म्हणजे म्हातारी, आणि तेही चिडून म्हणतात तशी. उद्या तुम्ही जपानला गेलात आणि विमानतळावर ही तुमच्या मागे 'बाबा, बाबा' करत धावली, तर लोक काय म्हणतील?"

आई पदराआड हसली. माझे बाबा गंभीरपणे म्हणाले, "इतकी वर्षं मी या घरात म्हातारी आहे, आणि कुणी मला बोललं नाही."

मी वाट बघत होते की भावोजी ओशाळतील, हसतील, लॅपटॉप मिटतील. वादविवादात एवढ्यावर समोरचा गट गार होतो. भावोजींनी चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे प्रथमच आदराने बघितलं.

"हा फार महत्त्वाचा मुद्दा आहे," ते म्हणाले. "हा माझ्याकडून सुटलाच होता."

आणि त्यांनी नवीन तक्ता उघडला.

शनिवारची रात्र गेली, रविवार सबंध गेला. आता मुलीचं नाव बाजूलाच राहिलं, बापाला काय म्हणावं यावर संशोधन सुरू झालं. पप्पा, डॅडी, अप्पा, सगळ्यांचा कीस. दुपारी त्यांनी मला विचारलं, "स्पॅनिशमध्ये पापा म्हणजे बटाटा असं एकजण म्हणतोय. उच्चार किती जवळचा असेल?"

"तुमच्या बाबतीत अगदी जवळचा," मी म्हटलं आणि ताईच्या खोलीत गेले.

ताई लॅबचा एप्रन इस्त्री करत होती. कपाळावर घाम, बाळ शेजारी पाय झाडतंय.

"सांगितलंस ना त्याला," ती म्हणाली.

"सांगितलं."

"ऐकू येतंय मला. बटाट्यापर्यंत पोचलाय."

ती हसली नाही. एप्रनची एकच बाही तिने पुन्हा पुन्हा दाबली. मग म्हणाली, "त्या तक्त्यात एवढे रकाने आहेत. एकातही मी नाही." आणि इस्त्री बंद केली.

सोमवारी सकाळी आम्ही चौघं निघालो. बाळ ताईकडे, पिशवी माझ्याकडे, लॅपटॉप अर्थातच भावोजींकडे. पाळणाघराला वरचा अर्धा भाग उघडा आणि खालचा बंद असं अर्धं दार होतं. त्यामागे काकू उभ्या होत्या, जाड चष्मा, हातात मार्कर आणि चिकटपट्टीचा गुंडाळा. आत एका रांगेत खुंट्या, प्रत्येक खुंटीला पिशवी, पिशवीवर नाव. बाटल्यांवर नाव. गाद्यांवर नाव. लंगोट वाळत घातलेल्या दोरीवरसुद्धा नावं.

"नाव?" काकू म्हणाल्या.

"तात्पुरतं आपण बाळ एक असं लिहूया," भावोजी म्हणाले. "आठवड्याभरात अंतिम नाव कळवतो. काम बरंच पुढे गेलंय."

काकूंनी चष्म्यावरून बघितलं. "आत सगळी बाळंच आहेत. संध्याकाळी दारात येऊन नावाने हाक मारायची, मग मी मूल आणून देते. बाळ एक म्हणून हाक मारलीत तर मी कुणाला आणू?"

"मी माझ्या मुलीला ओळखतो हो."

"तुम्ही ओळखाल. तिला कुणी बोलावलं हे तिला नको कळायला?"

मागे रांग लागली होती. एक गृहस्थ मूल काखेत मारून घड्याळ बघत होते. भावोजींनी एका गुडघ्यावर लॅपटॉप टेकवून उघडला आणि काकूंकडे वळवला. "एकच मिनिट. मी तुम्हाला अडचण दाखवतो. हे इटालियन बघा."

रस्त्यापलीकडे लॅबच्या खिडकीचा पडदा कुणीतरी वर केला. प्लास्टरवाला. हातात त्याचा डबा होता. तो ताईच्या टेबलापाशी उभा राहून आरामात डबा उघडत होता.

ताईनेही बघितलं. तिने बाळाला अर्ध्या दारावरून काकूंच्या हातात दिलं.

"माई," ती म्हणाली. "लिहा. म ला काना, ई."

"अगं, पण इटलीत..." भावोजी म्हणाले.

"इटलीत कुणी हाक मारली तर ओ द्यायची की नाही ते तिचं ती बघेल. मोठी होईल ना ती. की तेही तपासायचंय?"

"मी तिच्या भल्यासाठीच..."

"माहीत आहे मला. म्हणूनच इतके दिवस गप्प बसले." ताईने एप्रन अंगात चढवला आणि रस्ता ओलांडला. मागे वळून बघितलं नाही. काकूंनी पट्टीचा तुकडा दाताने तोडला, नाव लिहिलं आणि बाटलीवर चिकटवलं. समोरच्या खिडकीत ताई दिसली. तिने प्लास्टरवाल्याचा डबा झाकण लावून त्याच्या हातात दिला आणि खुर्ची पुढे ओढली.

भावोजी लॅपटॉप उघडा धरून तसेच उभे. रांगेतल्या गृहस्थांनी "जरा बाजूला होता का" म्हणून त्यांना ढकललं, तेव्हा ते बाजूला झाले.

माझी शाळा सुटल्यावर मी मुद्दाम पाळणाघरापाशी गेले. म्हणजे दया वगैरे काही नाही, बघायचं होतं. ताईला उशीर होणार होता म्हणून भावोजी आले होते, आणि अर्ध्या दारापाशी घुटमळत होते. बाकीच्या मुलांच्या आया येत होत्या, मोठ्याने नावं पुकारत होत्या, मूल घेऊन जात होत्या. भावोजींनी घसा खाकरला.

"अं, माझी मुलगी," ते म्हणाले.

"कोण?" काकू आतूनच म्हणाल्या.

"ती सकाळची. निळ्या टोपीची."

"निळ्या टोप्या तीन आहेत."

मी भिंतीला टेकून उभी होते. मला वाटलं, आता खिशातून फोन काढतील. काढलाही. बघितला. परत ठेवला.

"माई," ते म्हणाले, पण इतक्या हळू की मलाही जेमतेम ऐकू आलं.

"मोठ्याने बोला की, आत पंखा चालू आहे."

"माई," भावोजी ओरडले, आणि रस्त्यावरची दोन माणसं वळली. आत कुणीतरी रडायला लागलं. काकू बाहेर आल्या. त्यांच्या खांद्यावर आमचं लाल झालेलं, चिडलेलं, टोपी वाकडी झालेलं बाळ होतं.

"एवढंही मोठ्याने नको," काकू म्हणाल्या. "दचकली ना पोर."

भावोजींनी तिला घेतलं, चुकीच्या हातावर, मग दुसऱ्या. ती रडायची थांबेना.

"मेहुणीबाई," ते मला म्हणाले, "ही नावामुळे रडतेय, की मी नीट धरलं नाही म्हणून?"

"तपासा," मी म्हटलं, आणि पिशवी त्यांच्या खांद्याला अडकवून पुढे चालायला लागले.