बर्फाच्या गढीतली सून

जिनलने लोकरीचं कटासणं पसरलं, वाळूचं घड्याळ उलटं केलं आणि पोथीसारखं लाल कापडात गुंडाळलेलं पुस्तक मांडीवर घेतलं. सामायिक, म्हणजे जैनांची एका जागी बसून करायची साधना, सुरू झालं. ते विधीने पारेपर्यंत, म्हणजे संपवेपर्यंत, अठ्ठेचाळीस मिनिटं तिला या जागेवरून उठता येणार नव्हतं. आणि मुख्य म्हणजे कुणालाही तिला उठवता येणार नव्हतं. खालून सासऱ्यांनी, माणिकचंदांनी, चहासाठी हाक मारली तरी सासूच परस्पर सांगे, "सामायिकात हाय ते."

रिसोडच्या बाजारपेठेत खाली किराणा दुकान आणि वर घर. जिना उतरायचा तो दुकानातच, सासऱ्यांच्या गादीसमोर. 'कुठे?' या प्रश्नाला उत्तर असल्याशिवाय खाली पाय ठेवायची सोय नव्हती. लग्नाला दोन वर्षं झाली, तेवढ्या काळात जिनल एकटी बाहेर पडली ती तीनदा, त्यातही दोनदा दातांच्या डॉक्टरकडे. नवरा जिनेश स्वभावाने गरीब, पण बापापुढे ती गरिबी जरा जास्तच. अशा घरात ही अठ्ठेचाळीस मिनिटं तेवढी तिची होती.

सामायिकात चार विकथा वर्ज्य: बायकांच्या, खाण्याच्या, मुलखाच्या आणि राजांच्या गप्पा. अकोल्याच्या रुचिकाने, तिच्या मैत्रिणीने, पाठवलेल्या या सहाशे पानी इंग्रजी कादंबरीत या चार सोडून काहीच नव्हतं. उत्तरेकडचा बर्फाचा मुलूख, कुऱ्हाडी घेतलेले सरदार, सूर्य गिळायला निघालेला लांडगा, आणि समुद्राकाठची एक मुलगी, जिला लग्न करून एका काळ्या गढीत आणलेलं. लांबलचक मालिकेतला हा पहिला भाग. पाप लागत असेल तर लागो, असं जिनलने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.

घात केला तो मोतीबिंदूने. सासूबाईंना, हीराबाईंना, वाचता येईनासं झालं, आणि एका दुपारी त्या आपलं कटासणं घेऊन सुनेशेजारी येऊन बसल्या.

"मोठ्यानं वाच वं. मलेही कान हायेत."

"मम्मी, हे जरा अवघड आहे."

"अवघडच आयकाव मानसानं."

जिनलला नाही म्हणायला कारण सापडेना, आणि उठताही येईना. हे बिंग फुटलं तर पुस्तक जाईलच, पण सामायिकही जाईल, आणि मग दिवसात आपलं असं काहीच उरणार नाही. तिने मुहपत्तीची पांढरी घडी तोंडापुढे धरली, इंग्रजी ओळींवर नजर ठेवली आणि मराठीत सुरुवात केली. "उत्तर दिशेला हिमनगर नावाची एक नगरी होती." गढीतल्या मुलीची हिमवती झाली. सरदारांचे श्रेष्ठी झाले, कुऱ्हाडींच्या धर्मध्वजा, दारूचं दूध.

पाचव्या दिवशी राजाची मेजवानी आली. पानभर नुसतं भाजलेलं रानडुक्कर. घाईत तिच्या तोंडून निघून गेलं, "मग राजाने सगळ्यांना भाजलेले बटाटे वाढले."

हीराबाईंच्या हातातली माळ थांबली.

"राजा कंदमूळ खाते?"

"तो अजून धर्मात आला नव्हता, मम्मी."

"मंग कवा येते?"

"पुढे."

"बरं. वाच."

त्यानंतर जिनल फार सांभाळून वाचू लागली. हीराबाई मात्र जेवणाची भांडी आवरायच्या आतच येऊन बसू लागल्या. मध्येच विचारत, हिमवतीच्या माहेरचं कोनी भेटाले येते का. कधी विचारत, त्या गढीले दुसरं दार हाय का. जिनल सुचेल ते सांगून वेळ मारून नेई.

असं करत शेवटचं प्रकरण आलं. पुस्तकात ती मुलगी कुणाला न सांगता गढीमागच्या कड्यावरून दोराने उतरते आणि होडी पाण्यात ढकलते. जिनलने ते आधी मनातल्या मनात वाचलं. तिला इतका आनंद झाला की रडू येईल असं वाटलं. मग तिने मुहपत्ती सारखी केली आणि म्हणाली, "आणि हिमवतीने संसाराचा त्याग करून दीक्षा घेतली."

हीराबाईंनी माळ खाली ठेवली. खाली माणिकचंद कुणाला तरी सोयाबीनचा भाव विचारत होते.

"नाई घेतली तिनं दीक्षा," त्या म्हणाल्या. "इतके दिस ते पोरगी दार पाहून राह्यली होती. दीक्षेले चोरून जा लागते काय? सारं गाव वाजतगाजत नेते. खरं काय लिवलं हाय ते वाच."

"मम्मी, ही पोथी नाहीये."

"मले कवाचं माहीत हाय. वाच."

जिनलने वाचलं. कडा, दोर, होडी, यातलं काहीच बदललं नाही. हीराबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

"लागली का मंग पल्याड?"

"ते पुढच्या भागात. तो रुचिकाकडे आहे, अकोल्याला." जिनलने पुस्तक मिटलं. "पण पप्पा मला एकटीला जाऊ देतील का? त्यांना सांगायचं तरी काय?"

"सांगाचं ते मी सांगतो त्याईले." हीराबाई बोलायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. "पन आदी सामायिक पारू दे. बसल्या जागी खोटं बोलता येत नाई."