पोटावरचा दोर

तबेल्यासमोर एवढी गर्दी होती की मागच्यांना नुसते आवाज ऐकू येत होते. चाबकाचा, घोड्याच्या खोकल्याचा आणि त्या दोन्हींच्या वर फुंकेमहाराजांचा. महाराज कुठल्याही रोगावर फुंकर मारत, म्हणून हे नाव. फुंकरीने भागलं नाही की चाबूक मारत.

आतल्या घोड्याला सगळे म्हातारा म्हणत. गाडीवानदादाची गाडी त्याने इतकी वर्षं ओढली होती की गावातली वळणं दादापेक्षा त्यालाच जास्त पाठ होती. मी नालबंद. त्याचे खूर मांडीवर घेऊन किती नाल ठोकले असतील, पण त्याने मला कधी लाथ मारली नाही. हल्ली मात्र चार पावलांत त्याला धाप लागायची आणि पोट भात्यासारखं चालायचं. सगळ्या गल्लीने एकच निदान केलं होतं, दमलाय बिचारा. मग दादाने त्याला गाडीला जुंपणं बंद केलं, तबेल्यात आराम दिला, वारा लागू नये म्हणून खिडकीला पोती ठोकली. सुकं गवत तो स्वतः त्याच्या तोंडासमोर झटकून द्यायचा, माती निघून जावी म्हणून. एवढी सेवा करूनही घोडा खंगत चालला, तेव्हा दादाची मती गुंग झाली आणि महाराज आले.

महाराजांनी म्हाताऱ्याच्या बरगड्यांमागे, पोटाच्या कडेने उमटलेली एक लांब रेघ सगळ्यांना दाखवली.

"हा दोर बघा. मेलेल्या एका स्वाराने याचा श्वास आतून बांधलाय. मार बसेल तो स्वाराला, घोड्याला काही लागत नाही."

हे त्यांनी घोड्याला विचारलं नव्हतं.

उपचाराची रीत ठरलेली होती. पेटती शेगडी तबेल्यात न्यायची, दार लावायचं आणि निखाऱ्यांवर कसलीशी पूड टाकायची. घोडा गुदमरून उसळ्या मारू लागला की महाराज गरजायचे, स्वार जागा झाला. मग चाबकाने झोडपत त्याला मागच्या माळावर काढायचं. माळावर थोड्या वेळाने त्याचा श्वास खरंच खाली बसायचा आणि लोक हात जोडायचे. मी हात जोडले नाहीत, पण डोळ्यांनी पाहिलेलं खोडून काढायला माझ्याकडे उत्तरही नव्हतं. तबेल्यात परतल्यावर पुन्हा तीच धाप सुरू व्हायची. गेल्या खेपेला चाबकाचं टोक डाव्या डोळ्यात गेलं आणि डोळा फुटला. दादा घोड्याच्या गळ्याला मिठी मारून रडला, पण महाराजांवरचा त्याचा विश्वास काही फुटला नाही.

आज महाराजांनी शेगडीत लोखंडी सळई तापत ठेवली होती. दोरच जाळून टाकू, म्हणजे स्वाराला धरायला काही उरणार नाही, असं त्यांचं गणित. चार जणांनी घोड्याला दोरखंडांनी आवळून धरलं होतं.

"अहो, मरेल तो," वहिनी म्हणाल्या. या दादाच्या बायको.

"तू घरात जा," दादा म्हणाला.

वहिनी घरात गेल्या नाहीत. चप्पल न घालता त्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना आणायला रस्त्याने पळत सुटल्या.

सळई लाल झाली. मी घुसून महाराजांचं मनगट धरलं, तेवढ्यात कुणीतरी माझ्या कानशिलावर काठी हाणली. मी खाली पडलो. सळई त्या रेघेवर टेकली आणि जळक्या केसांचा आणि कातडीचा वास सुटला. म्हाताऱ्याने जन्मात पहिल्यांदा लाथ झाडली. मागचा दोर धरणाऱ्या न्हाव्याच्या पायाचं हाड कडकन मोडलं.

"बघा स्वाराची ताकद," महाराज म्हणाले आणि पुन्हा सळई तापत घातली.

वहिनींकडून वाटेतच सगळं ऐकून डॉक्टरीणबाई आल्या त्या थेट शेगडीपाशी. पाण्याची बादली त्यांनी निखाऱ्यांवर ओतली, दोर सोडायला लावले आणि घोड्याला माळावर उभं केलं. भाजलेल्या जागेला मलम लावून, छाती तपासून त्या दादाकडे वळल्या.

"मारल्यावर याला कुठे नेता?"

"इथे, माळावर."

"आणि बरा झाला की कुठे बांधता?"

"तबेल्यात."

"न मारता नुसता इथे आणून बघितलात का कधी?"

दादाने नकारार्थी मान हलवली.

"तुमचा घोडा दमलेला नाही. त्याला दमा आहे. आरामाने दमलेला बरा होतो. दम्याच्या जनावराला तुम्ही पोती लावून धुळीत कोंडलंत." रेघेच्या न भाजलेल्या टोकावर त्यांनी दादाचा हात ठेवला. "हा दोर नाही, स्नायू आहे. तालमीत दंड फुगतात तसा श्वास बाहेर ढकलून ढकलून याच्या पोटाचा स्नायू फुगलाय."

महाराज म्हणाले, पुस्तकी विद्येला स्वार दिसत नसतो. बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी महाराजांना तबेल्यात बोलावलं, दार लावलं, पोत्याच्या एका भोकातून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत दादाच्या हातून गवताची पेंढी झटकायला लावली. फटीतून आम्हाला दिसलं, सगळा तबेला बुरशीच्या पांढऱ्या धुळीने भरून गेला. महाराज खोकू लागले. मग बाईंनी विझलेल्या शेगडीजवळची पुडी नाकाशी नेली आणि त्यांच्यापुढे धरली. मिरचीच्या बियांची पूड होती. एकदाच नाकात गेली आणि महाराज डोळे पुसत, भिंतीला धडका देत, दार उघडून बाहेर कोसळले.

"आता यांच्यात कोणता स्वार शिरला?" मी विचारलं.

कुणी हसलं नाही. मघाशी दोर धरणारेच काठ्या घेऊन महाराजांवर धावले. एक काठी बसलीसुद्धा, कपाळ फुटून रक्त आलं. बाई मध्ये उभ्या राहिल्या.

"याला पोलिसांकडे द्या. पण काठी खाली टाका. याच हातांनी मघाशी घोड्याला आवळून धरलं होतं आणि तेव्हाही तुमची खात्रीच होती."

काठ्या खाली पडल्या.

दमा जात नाही, सांभाळावा लागतो, हे बाईंनी स्पष्ट सांगितलं. पोती निघाली. म्हातारा आता बहुतेक वेळ माळावर असतो, गवत पाण्यात बुडवून, निथळून मिळतं, झाडलोट तो बाहेर असतानाच होते. धाप कमी झाली आहे. डोळा काही परत आला नाही. दादा खरारा करायला हात वर करतो तेव्हा म्हातारा अजून अंग चोरतो, आणि दादा हात खाली घेऊन थांबतो, तो पुन्हा जवळ येईपर्यंत.

ज्याचा श्वास अडलाय, माणूस असो की जनावर, त्याच्यावर हात उगारण्याआधी कृपा करून एकदा खिडकी उघडून बघा.