डबल बेल आणि वीस फुलं

मी एक जुनी घंटी आहे, असं मला परवापरवापर्यंत वाटत होतं. आता तितकीशी खात्री राहिलेली नाही. मित्रांनो, तुम्ही शिकलेली माणसं. माझी हकीकत ऐका आणि मी नक्की कोण, ते तुम्हीच ठरवा.

पितळेचा पत्रा दाबून माझी वाटी झाली, आत एवढासा टोला बसला. मग मला एका प्रवासी बसमध्ये ड्रायव्हरच्या डोक्यावर ठोकलं आणि टोल्याला लांब दोरी बांधली, ती छताखालून थेट मागच्या दारापर्यंत. दोरीच्या त्या टोकाला कंडक्टर, या टोकाला ड्रायव्हर, मधे मी आणि चव्वेचाळीस आसनांवर बसलेली साठ माणसं.

मला दोनच शब्द येत. एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चल. एवढ्या भांडवलावर मी सत्तावीस वर्षं संसार केला. माझा दरारा असा, की एकदा मी एक टोला दिला तर शेजारच्या रुळांवरची मालगाडीसुद्धा थांबली होती. खोटं वाटत असेल तर ड्रायव्हरला विचारा. तो माझ्याहून जास्त फेकतो.

कंडक्टर बारीक आणि बोलका, ड्रायव्हर आडवा आणि घुमा. कंडक्टर त्याला 'पायलट' म्हणे. ड्रायव्हर त्याला एरवी 'कंड्या' म्हणे आणि राग आला की 'वाहक महाशय'. दोघं डब्यातल्या लोणच्यावरून भांडत, खिडकीच्या काचेवरून भांडत. माझं लक्ष नसे. मला टोल्याशी मतलब.

पुढे बस भंगारात निघाली. कंडक्टर त्याच महिन्यात निवृत्त झाला. ड्रायव्हरनं मला पेचकसानं सोडवलं, रुमालात गुंडाळलं आणि त्याच्या हातात ठेवलं.

"घे, तुझी जीभ," तो म्हणाला.

ड्रायव्हर स्वतः एका लॉन्ड्रीची व्हॅन चालवायला लागला. मी कंडक्टरच्या घरी खुंटीवर लटकले. पहिली दोन वर्षं मला कोणी हातसुद्धा लावला नाही. फडक्यानं पुसतानाही नाही.

आता घोळ कुठून सुरू झाला ते सांगते. कंडक्टरची लेक विचित्र कामाला होती. निरोपांचं एक अ‍ॅप आहे म्हणे. त्यात ज्याचा निरोप येईल त्याचा वेगळा आवाज वाजतो, आणि ते आवाज ही पोर घरात बसून बनवी. तिच्या खोलीच्या भिंतींवर गोधड्या टांगलेल्या, माइकला पायमोजा घातलेला. कुणा बाईला तिच्या बहिणीसाठी बांगड्यांचा आवाज हवा असे. कुणाला साहेबासाठी खुर्ची सरकल्याचा. लेकीचा एकच नियम होता: आवाज एका सेकंदात संपला पाहिजे आणि तेवढ्यात माणूस डोळ्यांपुढे उभा राहिला पाहिजे.

एक दिवस तिनं मला माइकपुढे धरलं. पेन्सिलीनं वाजवलं, चमच्यानं वाजवलं. तिचं समाधान होईना. शेवटी तिनं मला दाराच्या चौकटीला बांधलं, दोरी लावली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही ओढा."

कंडक्टरनं ओढली. टण्.

"हां," लेक म्हणाली. "हे तुम्ही."

मी चक्रावले. वाजले मी, आणि म्हणे 'हे तुम्ही'. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या दिवशी मी खुंटीवर गप्प बसले असताना लेकीच्या मोबाइलमधून टण् झालं. आवाज माझा, टोला जागच्या जागी. मग वाजलं कोण? मी स्वतःला चाचपून पाहिलं असतं, पण घंटीला हात नसतात.

लेकीनं तो आवाज ड्रायव्हरच्या मोबाइलवरही बसवून दिला. कंडक्टरचा निरोप आला की एक टोला. काकांना गंमत वाटेल, एवढाच तिचा हेतू.

इथे तुम्हाला कंडक्टरची एक खोड सांगायला हवी. तो रोज फुलांची चित्रं पाठवी. सकाळी गुलाब, न्याहारीला झेंडू, दुपारी कमळ. दिवसाकाठी वीस. चौथ्या दिवशी ड्रायव्हर दारात उभा.

"पोरी, काहीतरी कर. हा फूल पाठवतो आणि माझी व्हॅन थांबते. काल भर चौकात सहा वेळा थांबलो."

"काका, तुम्ही नका ना थांबू."

"मी कुठे थांबतो? पाय थांबतो. एक घंटी ऐकली की तो मला विचारत नाही."

लेक हसली आणि तिनं एकाचे दोन टोले केले. तिला वाटलं, प्रश्न मिटला. मित्रांनो, दोन टोल्यांचा अर्थ तुम्हाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होता. पण खुंटीवरच्या घंटीला विचारतं कोण?

दुसऱ्याच सकाळी एका हॉटेलच्या दारात व्हॅन उभी होती. मागचं दार उघडं. लॉन्ड्रीचा इस्त्रीवाला गठ्ठा घेऊन एक पाय आत, एक पाय बाहेर. इकडे कंडक्टरनं झेंडू पाठवला. टण् टण्. ड्रायव्हरच्या पायानं ऐकलं आणि व्हॅन निघाली. इस्त्रीवाला गठ्ठ्यासकट रस्त्यावर राहिला. अकरा पांढऱ्या चादरी मागच्या दारातून उडाल्या. त्यातली एक वाहतूक पोलिसाला अशी लपेटली, की तो अर्धा तास आतूनच शिट्टी वाजवत होता. ही अर्ध्या तासाची गोष्ट माझी नाही, ड्रायव्हरची. मी दहा मिनिटं धरते.

संध्याकाळी ड्रायव्हर आला, हातात चाकाचा ठसा उमटलेली चादर.

"वाहक महाशय," तो म्हणाला, "तुमची फुलं बंद करा."

"अरे, झेंडूच तर होता."

"दिवसाला वीस. मी अजून जिवंत आहे, एवढी फुलं कशाला?"

"सत्तावीस वर्षं माझ्या घंटीवर गाडी चालवलीस. आता झेंडूवर अडतोस?"

"गाडी मी चालवली. तू दोरी ओढलीस."

ड्रायव्हरनं मोबाइल लेकीपुढे धरला. "हा आवाज काढ." तिनं काढला. त्या जागी सगळ्यांना असतो तसला टिंग बसला, ज्यातून कुणीच डोळ्यांपुढे येत नाही. तो गेला, आणि कंडक्टरनं मला खुंटीवरून काढून चपलांच्या कपाटात ठेवलं.

दीड महिना मी चपलांत काढला. सारखा एकच विचार: चूक कोणाची? मी तर वाजलेच नव्हते. पण आवाज माझाच होता. मग शिक्षा मला की मोबाइलला? डोक्याचा भुगा झाला. बाहेरून कंडक्टरच्या येरझाऱ्या ऐकू येत. फुलं बंद होती. त्यानं फोन केला नाही, ड्रायव्हरनंही नाही. सत्तावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

एका दुपारी लेकीचा आवाज आला. "माझंच चुकलं, बाबा. आवाज वाईट नव्हता. फार बरोबर होता, म्हणूनच घोळ झाला." मग थोड्या वेळानं, "बसमध्ये इतके भांडायचात, तेव्हा मिटायचं कसं?"

"मिटवायला वेळ कुठे होता? पुढचा थांबा यायचा. अबोला असला तरी घंटी द्यावीच लागायची. मी घंटी द्यायचो, तो थांबायचा. थांबला की वाटायचं, ऐकतोय अजून."

बरं झालं मी अंधारात होते. पितळेवर दव जमलं होतं.

लेकीनं कपाट उघडलं, मला बाहेर काढून बाहीनं पुसलं आणि बाबांच्या पिशवीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंडक्टर लॉन्ड्रीच्या अंगणात पोचला. ड्रायव्हर व्हॅन मागे घेत होता. मागे धुतलेल्या चादरींचा ढीग, त्याच्या मागे भिंत. इस्त्रीवाला लांब निखारे फुंकत होता, सांगायला कोणी नव्हतं. कंडक्टर जुन्या सवयीनं मागे जाऊन उभा राहिला. तोंड उघडलं आणि मिटलं. अबोला होता ना. मग त्यानं पिशवीतून मला काढलं आणि बोटानं टोला मारला.

टण्.

व्हॅन ढिगापासून दोन हात अंतरावर थांबली. ड्रायव्हर उतरला नाही. आरशात बघत राहिला. कंडक्टरनं मागचं दार उघडलं, चढला, गठ्ठ्यावर बसला, दार लावून घेतलं.

टण् टण्.

व्हॅन निघाली. इस्त्रीवाला पुन्हा मागे राहिला, या वेळी निखाऱ्यांसकट. दोन चौक मागे पडले. मग पुढून आवाज आला, "कंड्या, आज गुलाब नाही आला."

मित्रांनो, हल्ली मी त्या व्हॅनमध्ये ड्रायव्हरच्या डोक्यावर असते, दोरी पुन्हा मागच्या दारापर्यंत. फुलं त्या साध्या टिंगवर येतात, ड्रायव्हर ती गाडी बंद करून सावकाश बघतो. त्या दिवशी अंगणात मी वाजले की कंडक्टर बोलला, हे मला आजही सांगता येत नाही. एवढंच सांगते: ज्या आवाजाला कुणाचा तरी पाय आपोआप थांबतो, असा आवाज तुमच्याजवळ असेल तर तो झेंडूवर उधळू नका. आणि चपलांच्या कपाटातही ठेवू नका.

बोलणं आवरतं घेते. दोरी हललीय. एकदा की दोनदा, ते अजून कळलेलं नाही.