वाढणारीचं पान

“फोन वाजला की उचलत जा गं, सुनीती. देव काय, थांबतो.”

सासूबाईंचं हे वाक्य मला रोज पहाटे पाचला ऐकू येतं. पाच ते सहा ही माझी प्रार्थनेची वेळ, लग्नाआधीपासूनचा नेम. त्या तासात मी कुणाशी बोलत नाही, दार उघडत नाही, फोन घेत नाही. सासूबाई स्वतः मोठ्या प्रार्थनेच्या, पण माझ्या या नेमाला हसायच्या. “तुझा प्रभू बँकेतला साहेब आहे का, मध्येच उठलीस तर नंबर जाईल?”

चार वर्षांपूर्वी त्यांचा फोन आला तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. त्या जुईनगरला तळमजल्यावरच्या जुन्या घरात एकट्या राहायच्या, मी सीवूड्सला. माझे यजमान, अभय, गेल्यावर मी खूप म्हटलं, इकडे या. त्यांना लिफ्टची भीती. त्या पहाटे फोन माझ्या पुढ्यातच होता, आवाज बंद केलेला. पडद्यावर ‘आई’ उजळलं. दूध फाटलं असेल, गॅस संपला असेल, असं मनात आलं आणि मी फोन पालथा घातला. तो सात वेळा थरथरला. सातही वेळा मला कळलं.

सहाला नेम संपल्यावर मी उलट फोन केला, तो उचलला गेला नाही. मी पोचले तेव्हा शेजाऱ्यांनी दार तोडलं होतं. सासूबाई ओट्याला टेकून बसलेल्या होत्या, फोन मांडीत. मान कललेली. सगळं संपलं होतं.

नणंदेला, शर्मिलाला, मी सांगितलं, “फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता गं.” ती माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, “वहिनी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

त्यानंतर मी चर्चमध्ये प्रभुभोजनाचा पाव आणि रस घेतला नाही. नेम मात्र वाढवले. बुधवार-शुक्रवार उपास. चहात साखर नाही, कुठलंच गोड नाही. गुडघ्यांखाली चटई नाही. आणि पहिल्या रविवारच्या प्रभुभोजनाची तयारी मी मागून घेतली. शनिवारी काळ्या मनुका भिजवायच्या, उकळायच्या, मलमलच्या फडक्यातून रस गाळायचा. पावाच्या कडा काढून पेराएवढे तुकडे करायचे. सगळ्या मंडळीला माझ्या हातचं. मी शेवटच्या बाकावर बसायची आणि ताट आलं की शेजारणीकडे सरकवायची. वाटायचं, इतकं केलं, अजून इतकं केलं, की एक दिवस आतून आवाज येईल, आता घे. तो आला नाही. कापलेल्या कडा मी सोमवारी दुधात भिजवून खायची. घरात एकटीच, त्यामुळे पुरायच्या.

या महिन्यात, पहिल्या रविवारची उपासना सुटल्यावर पाळकसाहेब म्हणाले, “करावे गावात रंगूबाईंना घरी प्रभुभोजन द्यायचंय. अर्धांगवायू झालाय त्यांना. पिशवी घेऊन चलता का?”

जिन्यावर कोळी घरमालकाची मासेमारीची जाळी वाळत होती. वर एकच खोली. रंगूबाई जालन्याकडच्या, मुलगा, सौरभ, न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो, दोन-दोन दिवस येत नाही. उजवं अंग पडलेलं, पण नजर अशी की पिशवीत काय आहे ते बाहेरूनच दिसावं. मी स्टुलावर पांढरं फडकं घातलं, पाव ठेवला, दोन छोटे पेले भरले.

“दोनच?” रंगूबाई म्हणाल्या. “एक माझा, एक साहेबांचा. तुझा गं?”

“मी घेत नाही.”

“का? शुगर हाय?”

मला हसू आलं. हसता हसताच रडू फुटलं, आणि चार वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते मी त्या परक्या बाईला सांगितलं. पालथा फोन. सात वेळा. चार्जिंगचं खोटं. पाळकसाहेब पिशवी मांडीवर घेऊन खाली बघत राहिले.

रंगूबाई म्हणाल्या, “चुकलीस. लई मोठं चुकलीस.”

हे मला कुणी म्हटलंच नव्हतं.

“पर ते उपासानं भरून निघतंय व्हय? मला बघ. गुडघं टेकता येत न्हाईत. उपास धरला तर पोरगं वरडतं, गोळ्या असत्यात. देवाला द्यायला माझ्याकडं काय ऱ्हायलं? तोंड उघडते, तो घालतो.”

“मी लायक नाही, मावशी.”

“आन् मी हाय? तरणी असताना सासूला उपाशी ठिवलंय मी. सांगू का?”

“राहू द्या, रंगूबाई,” पाळकसाहेब घाईने म्हणाले.

“लायक असंल त्यानं आपल्या घरी जेवावं की. हितं कशाला यावं?” मग त्या जरा मऊ झाल्या. “पंगतीत वाढणारी बी शेवटाला बसतीच बाई. तिचं पान यजमान मांडतो. तिनं नुसतं बसायचं.”

तिसरा पेला नव्हता. पाळकसाहेबांनी आपला पेला माझ्यापुढे सरकवला. “हात पुढे करा, सुनीतीबाई.”

मला ताट धरायची सवय. रिकामा तळवा कसा धरायचा ते क्षणभर सुचेना. त्यांनी त्यावर तुकडा ठेवला, माझ्याच सुरीने कापलेला, आणि म्हणाले, “तुमच्यासाठी.” मी खाल्ला. मग रस. आदल्या दिवशी मीच गाळलेला रस इतका गोड होता हे मला माहीत नव्हतं. आतून काही आवाज आला नाही. शेजारी कुकरची शिट्टी झाली. रंगूबाईंच्या ओठांच्या कोपऱ्यातून ओघळलेला रस मी पदराने टिपला.

“आता नणंदेला खरं सांग,” त्या म्हणाल्या.

“ती मला तोडेल. माझं दुसरं कोण आहे?”

“तोडंल बी. पर आता तू जेवून जाशील. उपाशीपोटी मागायला न्हाई.”

त्यांनी डावा हात पुढे केला. त्यात हात देऊन मी म्हटलं, “उद्या जाते.”

आज सोमवार. पाचला गुडघे टेकले, खाली चटई घेऊन. फोन समोर, सुलटा, आवाज चालू. वाजला नाही. प्रार्थनेत मी आज काही मागितलं नाही, काही कबूलही केलं नाही. नुसती बसले. घर होतं तसंच रिकामं होतं.

सातला खारघरला शर्मिलाला फोन केला. “येऊ का गं?”

“या ना वहिनी! नाश्त्यालाच या. आज काय विशेष?”

“आल्यावर सांगते.”

“आवाज असा का येतोय? बरं नाही का?”

“बरी आहे.”

पावाच्या कडा डब्यात तशाच होत्या. तिच्याकडे जाताना मी नेहमी काहीतरी करून नेते, नारळाच्या वड्या, नाहीतर चिवडा. ओट्यापाशी सवयीने उभी राहिले, नारळही काढला. मग तो परत ठेवला. चहा केला, साखर घातली, उभ्यानेच प्यायले. कुलूप लावलं आणि रिकाम्या हातांनी खारघरच्या बसकडे निघाले.