दार कुठे हवं, अक्का?

लाउंजमधली ओली चादर काढा, बाबा आले.

स्टडीत बसलेल्या माणसाशी बोलायचं नाही. समोर दिसत असला तरी.

गवंड्याच्या घरात मधली म्हणावी अशी एकही भिंत नव्हती.

आत्याच्या पिशवीत दोन जोडी कपडे आणि औषध मोजायचा चमचा.

पॅन्ट्रीतलं भांडण पॅसेजमध्ये आणलं तर दोघींना बोलणी बसतील.

*

नीट सांगते.

आमचं घर म्हणजे एक खोली. बाबा गवंडी. आई एका मोठ्या हॉटेलात खोल्या झाडायची, चादरी बदलायची. तिच्याबरोबरच्या बायका तिथून उरलेले साबण घरी आणत. आई शब्द आणायची.

पहिला शब्द लाउंज.

"म्हणजे काय गं?" बाबांनी विचारलं.

"बसायची खोली."

"बसून काय करायचं?"

"काही नाही. नुसतं बसायचं."

बाबांचा घास हातातच राहिला. जन्मभर त्यांनी लोकांच्या भिंती उभ्या केल्या होत्या, पण भिंतींच्या आत माणसं पुढे काय काय करतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "नुसतं बसायला अख्खी खोली," ते म्हणाले, आणि एखादा डोंगर बघावा तसे छताकडे बघत राहिले.

तेव्हापासून घरात नियम झाला. शब्द आणला की त्याला जागा द्यायची. जागा निघाली नाही तर आईने तो दुसऱ्या दिवशी परत न्यायचा. बॉलरूम अशीच परत गेली. ताई कित्येक दिवस हळहळत होती.

बाकीच्यांची सोय झाली. डब्यांच्या फळीखाली पॅन्ट्री. पलंग आणि भिंत यांच्यामधली चिंचोळी पट्टी म्हणजे पॅसेज. ट्रंकेशेजारी ताईची स्टडी. दाराजवळ, चपलांपुरती लॉबी. कुठली भिंत कुठून जाते ते बाबा एकदाच हाताने हवेत दाखवायचे, आणि ती भिंत तिथे असायची. मला ताप आला होता तेव्हासुद्धा पाण्यासाठी मी पॅसेजमधूनच वळून गेले. सरळ जायचं माझ्या मनातच आलं नाही.

*

आत्या रविवारी दुपारी आली.

ती बाबांची थोरली बहीण. आजी गेल्यावर बाबांना तिनेच वाढवलेलं. आजारी म्हाताऱ्यांची उस्तवार करायला ती लोकांच्या घरी राहायची. शेवटच्या घरातली म्हातारी गेली आणि तिच्या मुलांनी घराला कुलूप लावलं. आता आत्या दूरच्या गावी, निराधार बायकांच्या वसतिगृहात चालली होती. संध्याकाळची बस होती.

"म्हटलं, तोंडं बघून जावं तुमची," असं म्हणत तिने चपला काढल्या आणि ती दारातून तडक खिडकीकडे निघाली.

ताई किंचाळली. "आत्या, भिंत!"

आत्याचं पाऊल अधांतरी राहिलं. ती मागे सरकली आणि तिने कपाळ चोळलं.

"लागलं का, वन्सं?" आईने विचारलं. ती थट्टा करत नव्हती.

"थोडंसं," आत्या म्हणाली. आणि कुठून वळायचं ते ताईला विचारून, लॉबीतून पॅसेजमध्ये, पॅसेजमधून लाउंजमध्ये, हात अंगाशी धरून आली. इतक्या लवकर आमचं घर कुणालाच दिसलं नव्हतं. शेजारची बाई तर रोज आमच्या स्टडीतून आरपार जायची.

*

आईने चहा दिला. बाबांनी विषय काढला.

"अक्का, जाऊ नकोस. इथेच राहा."

"कुठे ठेवशील रे मला? खुंटीवर?"

"करू काहीतरी."

"वेडा आहेस. रात्री कूस बदलायची तर तुम्हाला एकमेकांना सांगावं लागत असेल." ती हसली, मग हसायची थांबली. "मला सवय आहे रे. आउटहाउस झालं, जिन्याखाली झालं, रोग्याच्या पायाशी तर कित्येक वर्षं. दार लावून झोपायचं नाही एवढंच. हाक ऐकू यायला हवी ना."

"गेस्टरूम असती तर..." आई म्हणाली.

"गेस्ट नको गं बाई. गेस्टला निघावं लागतं."

आई कपातल्या चहाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आमच्या हॉटेलात सिंगल म्हणून असते."

"ती कसली?"

"एकाच माणसाची खोली. मॅनेजरसुद्धा दार वाजवल्याशिवाय आत जात नाही. मीही वाजवते. माझ्या हातात किल्ली असते, तरी वाजवते."

आत्याने कप खाली ठेवला. "किल्ली असून?"

"असून."

"मग आतून कोण आहे म्हणून विचारतात?"

"विचारतात. नको असेल तर नंतर या म्हणतात. मी जाते परत."

"आणि कुणी रागावत नाही?"

"कोण रागावणार? खोली त्यांची."

किल्ली हातात असताना बाहेर थांबलेली आई मला तेव्हा पहिल्यांदा दिसली, आणि आत बसलेलं ते माणूसही.

*

बाबा उठले. कामाच्या पिशवीतून त्यांनी दोरी आणि ओळंबा काढला. भिंत सरळ उभी राहतेय का ते सांगणारं, दोरीला टांगलेलं ते लोखंडी वजन त्यांनी घरात कधीच वापरलं नव्हतं.

"लाउंज मोडा," ते म्हणाले. "मी काय, कुठेही बसेन."

"स्टडीतलं थोडं घ्या," ताई म्हणाली. "पण उजेडाकडचं नको हं!"

दोरीचं एक टोक माझ्या हातात, एक आईच्या. जमिनीवर खडूची रेघ उठली. मग त्या रेघेवर, जिथे काहीच नव्हतं तिथे, बाबांनी ओळंबा सोडला. वजन डोललं, कमी डोललं, आणखी कमी. आम्ही श्वास रोखून बघत होतो. ते थांबलं. बाबांनी एक डोळा मिटून वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि परक्यांच्या भिंतीवरून फिरवतात तसा तळहात हवेवरून फिरवला.

"दार कुठे हवं, अक्का?"

आत्या बघतच राहिली. "मला विचारतोस?"

"राहायचं तुला. आणखी कोणाला विचारू?"

इतक्या घरांत राहिलेल्या माझ्या आत्याला हे याआधी कुणी विचारलं नव्हतं. ती रेघेवरून चालत गेली, थांबली, परत आली. पुन्हा गेली. "इथे," ती म्हणाली. मग घाईघाईने, "चालेल ना?"

"चालेल की. कडी?"

"आतून."

बाबांनी कडी बसवली. ती आत गेली, दार लावून घेतलं, आणि आमच्याकडे पाठ करून बसली. हात लांब केला असता तर तिच्या खांद्याला लागला असता. कुणी केला नाही. सिंगलमधलं माणूस दिसत नाही.

*

बसची वेळ जवळ आली. बाबा घड्याळाकडे बघत, पॅसेजच्या टोकापर्यंत जात आणि परत येत. ती राहणार की जाणार, हे विचारायला त्यांची जीभ वळवळत होती. पण दार त्यांनीच बसवून दिलं होतं.

शेवटी आई गेली. रेघेपाशी उभी राहिली, केस सारखे केले, आणि बोटाच्या पेरांनी हवेत दोनदा वाजवलं. आवाज झाला नाही.

"कोण आहे?" आत्याने आतून विचारलं.

"मी, वन्सं. बस सुटेल."

बाबांनी भिंतीला हात टेकला, खऱ्या.

"नंतर या," आत्या म्हणाली.

आई दोन पावलं मागे सरली, हॉटेलात सरते तशीच, आणि शेगडीपाशी जाऊन तिने भातात आणखी एक मूठ तांदूळ टाकले.

आम्ही राहायला येण्याआधी आमच्या त्या एका खोलीत कोळसा ठेवत असत.